अधांतरी तरंगणं: विज्ञान, जादू आणि सिद्धी यांत नेमका फरक काय?

शब्द एकच, अर्थ तीन. विज्ञानात अधांतरी राहणं म्हणजे वजनाइतकाच जोर वरच्या दिशेने मिळणं. माझं आवडतं उदाहरण बेडकाचं. १९९७ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या नायमेखेनला भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला. अंगातलं पाणी चुंबकीय क्षेत्राला किंचित विरोध करतं. एरवी तो जाणवतही नाही, पण इथे तो बेडकाच्या वजनाएवढा झाला! बेडकाला काही इजा झाली नाही. (याच गाइमना २०१० मध्ये ग्राफीनवरच्या (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) कामासाठी नोबेल मिळालं.)

जादूत आधार असतोच, फक्त लपवलेला. रस्त्यावर काठीला हात लावून हवेत बसलेला 'साधू' दिसला, तर त्याची बाही आणि खालची सतरंजी निरखून बघा. काठीतून निघालेली लोखंडी दांडी बाहीतून थेट त्याच्या बैठकीखाली जाते आणि सतरंजीखाली जड पत्रा असतो.

राहिली सिद्धी. योगसूत्रांत आकाशगमनाचा उल्लेख आहे, हे खरं. पण काटेकोर तपासणीत आधाराशिवाय तरंगणारा माणूस आजवर सापडलेला नाही. पद्मासनात मारलेल्या उडीचा नेमक्या क्षणी टिपलेला फोटो मी तरी पुरावा मानत नाही.