भरपूर पाणी पिऊनही ऊन का बाधतं?

प्रश्न: माझे यजमान बंद व्हॅनमधून घरोघर पार्सलं पोचवतात. या कामात ते जुने आहेत. पंधरा दिवसांच्या रजेनंतर ऐन उन्हाळ्यात कामावर गेले आणि तिसऱ्याच दिवशी पिंडऱ्यांत गोळे आले, डोकं ठणकायला लागलं, घरी येऊन उलटी झाली. पाण्याची मोठी बाटली ते रोज संपवतात. साहेब म्हणतात, “जुना माणूस आहे, दोन दिवसांत सवय होईल.” खरंच होईल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, आधी एक सांगते. उलटी झाली आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यांना फेरीवर जाऊ देऊ नका.

आता साहेबांच्या म्हणण्याविषयी. सवय होते, पण ती व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, नाडीची धावपळ कमी होते. काम थांबलं की हे सगळं हळूहळू ओसरतं. म्हणूनच रजेवरून आलेल्या जुन्या चालकाची मला नव्याइतकीच काळजी वाटते. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि तोही पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने पळतो. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था अशा अनुभवी माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण द्यायला सांगते. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी २० टक्केच, मग रोज तेवढीच वाढ. हे आकडे साहेबांना दाखवा.

पाण्याचं म्हणाल तर ते हवंच. पण एका दमात बाटली रिकामी करण्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर प्यावं. तासाला दीड लिटरच्या वर नको, नाहीतर रक्तातलं मीठ घातक पातळीपर्यंत उतरू शकतं. जेवण टाळू नये, घामातून गेलेलं मीठ बहुतेक त्यातूनच भरून निघतं. लघवीला कुठे जायचं, या विवंचनेने कितीतरी चालक पाणीच कमी पितात. हे त्यांना स्पष्ट विचारा, ते आपणहून सांगणार नाहीत.

पण नुसत्या पाण्याने भागत नाही, कारण उष्णता बाहेरून येते तशी आतूनही येते. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णताच होतो. ओझं घेऊन जिने चढणारा माणूस सावलीतही तापतो. त्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा मागचा भाग बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. तिथे वाकून पार्सल शोधण्यात जी मिनिटं जातात, ती मला सगळ्यात घातक वाटतात. घाम नुसता टपकतो, वारा नसल्याने वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून माल सकाळीच उतरवायच्या क्रमाने लावून घ्यावा, मागे शिरण्याआधी दारं उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, जड नग दुपारच्या आत संपवावेत. हवा ३५ अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावरचा पंखा गरमच वारा फेकतो. मान आणि हात ओले करून मग वारा घ्यावा. विसावा मात्र फेरीच्या वेळापत्रकातच लिहिलेला हवा. नगावर पैसे मिळत असतील तर आपणहून कोण थांबणार? ती जबाबदारी मालकाची आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. दुपारी त्यांना फोन करत जा. बोलणं जड वाटलं, पत्ता आठवेना, विनाकारण चिडले किंवा तोल जातोय म्हणाले, तर तो उष्माघात समजा. अंग घामाने भिजलेलं असलं तरीही. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की मेंदूवर परिणाम होतो. अशा वेळी “गाडीत जरा पडा” असं कुणीही म्हणू नये. एकट्याने पडलेला माणूस उठेलच असं नाही. जवळच्या माणसाने त्यांना सावलीत न्यावं, रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येण्याची वाट न बघता जादा कपडे काढून अंगभर गार पाणी ओतत वारा घालावा. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांत ठेवावा. भान नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाईल. तापाची गोळीही देऊ नये. हा ताप त्या गोळीने उतरत नाही.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी, सर्दी-ॲलर्जीच्या काही औषधांनीही ऊन लवकर बाधतं. यजमान यातलं काही घेत असतील तर मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या आणि काम उन्हातलं, ओझ्याचं आहे हे त्यांना सांगा.