पाऊस संपल्यावर मुरबाडकडे मोटारसायकलने जाताना काय दिसत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना भेटायला दर शनिवारी भांडुपहून टोकावड्याजवळच्या गावी मोटारसायकलने जायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे; पावसाळाभर एसटीने गेलात, आता दसऱ्यापासून गाडी काढणार आहात, तर पाऊस थांबल्यावर या रस्त्यावर न दिसण्याचा काही धोका उरतो का. मी मुलुंडला राहतो आणि याच रस्त्याने गेली १८ वर्षे बाराही महिने गावी जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. धोका उरतो, आणि माझ्या मते तो अधिक फसवा असतो. भर पावसात किंवा माळशेजच्या ढगात शिरल्यावर आपल्याला दिसत नाही हे आपल्याला कळत असते, त्यामुळे हात आपोआप आवरला जातो. आश्विनापासून वैशाखापर्यंत आकाश स्वच्छ असते, रस्ता कोरडा असतो, आणि नजरेआड काय राहिले आहे याची शंकाही मनात येत नाही.

सुरुवात गवतापासून करतो, कारण तुम्ही निघणार त्या दिवसांत तेच सर्वांत उंच असेल. जूनमध्ये जे वळण आरपार दिसते, तेच वळण भाद्रपदात पूर्ण झाकलेले असते. सात-आठ वर्षांपूर्वी गौरी-गणपती आटोपून मी परत येत होतो. सरळगावच्या अलीकडे-पलीकडे आतल्या रस्त्याला एक डावे वळण आहे, जिथून उन्हाळ्यात पुढच्या मोरीचा पांढरा कठडा दिसतो. तो कठडा माझ्या इतका ओळखीचा होता की त्या दिवशी तो दिसत नव्हता हे माझ्या ध्यानातच आले नाही. गवत माझ्या खांद्याला लागेल इतके वाढले होते आणि मी नेहमीच्याच वेगाने वळणावर आलो. तेवढ्यात गवताच्या शेंड्यांवरून गवताचाच एक भारा सरकताना दिसला. वाऱ्याने सगळे गवत एका बाजूला वाकत होते आणि हा एवढाच भारा त्याच्या उलट, रस्त्याच्या दिशेने येत होता. त्याच्या खाली माणूस आहे हे उमगेपर्यंत एक बाई साइडपट्टीवरून डांबरावर उतरली होती. भारा कपाळावरून डोळ्यांपर्यंत ओघळलेला होता, भाऱ्यात विळा खोचलेला होता, आणि तिला तिच्या पावलांपुढच्या दोन हातांपलीकडे काही दिसणे शक्य नव्हते. गाडी थांबली तेव्हा पुढचे चाक आणि ती यांच्यात हातभर अंतर होते. तिने मला शेवटपर्यंत पाहिले नाही. ती तशीच रस्ता ओलांडून गेली.

त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळतो. वळणावर येण्यापूर्वी, या क्षणी मला किती रस्ता खरोखर दिसतो आहे एवढेच मी बघतो. वळणापलीकडे काय असते हे मला पाठ आहे, ही गोष्ट हिशेबात धरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. काहीतरी दिसून ब्रेकवर हात पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो, म्हणजे २५ मीटर तिथेच संपतात, आणि कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी २० मीटर लागतात. ताशी ४० वर हेच सगळे अंतर २५ मीटरांच्या आसपास येते. फाट्यावरून गावापर्यंत जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, जिथे समोरून जीप आली तर एकाला खाली उतरावे लागते, तिथे दिसणाऱ्या रस्त्याचा निम्माच भाग आपला समजावा, कारण उरलेला निम्मा समोरच्याला थांबायला लागणार असतो. वळणाआधी हॉर्न जरूर द्यावा, पण डोक्यावर भारा असलेल्या माणसाला तो कोणत्या बाजूने आला हे कळत नाही, म्हणून हॉर्नवर विसंबून वेग ठेवू नये.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ती या रस्त्यासाठी फार महत्त्वाची आहे. सह्याद्री आपल्या पूर्वेला असल्यामुळे मुंबईहून तिकडे जाणारा माणूस सकाळी सूर्याकडे तोंड करून निघतो आणि संध्याकाळी सूर्याकडेच तोंड करून परततो. त्यात कल्याण आणि मुरबाड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, म्हणजे मधला सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो व पश्चिमेला मावळतो. सप्टेंबरात बहुधा ढग असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ढग सरलेले असतात आणि सूर्य अजून बऱ्यापैकी रस्त्याच्या रेषेत असतो. मार्चमध्ये तर आडोसा म्हणून काहीच नसते. म्हणजे दसरा आणि शिमगा, जेव्हा आपण हमखास गावी जातो, तेव्हाच हे ऊन थेट डोळ्यांत असते. डिसेंबरात मावळतीचा सूर्य सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे परतताना तो डाव्या बाजूने येतो आणि त्रास थोडा कमी होतो.

मावळण्याआधी तासभर सूर्य क्षितिजापासून साधारण १४ अंश वर असतो, तेव्हा हेल्मेटच्या वरच्या पट्टीने डोळ्यांवर सावली घेता येते. शेवटच्या अर्ध्या तासात तो ७ अंशांच्या खाली उतरतो आणि मग मान खाली घातल्याशिवाय उपाय राहत नाही. अशा वेळी काचेवरचा प्रत्येक ओरखडा आणि धुळीचा कण उजळतो व संपूर्ण काच पांढरी होते. त्याहून वाईट म्हणजे झाडांच्या सावलीचे पट्टे: डोळे उन्हाने दिपलेले असतात आणि चिंचेच्या दाट सावलीत बंद पडलेला टेम्पो उभा असतो, तो आपण सावलीत शिरेपर्यंत दिसतच नाही. सूर्य पाठीशी असताना मात्र आपण निर्धास्त होतो, आणि तेव्हाच सावध राहायला हवे. आपली स्वतःची सावली पुढे लांब पडलेली दिसली की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तेच ऊन आहे आणि त्याला आपण दिसत नाही, असे समजून चालावे. तो ओव्हरटेक करायला बाहेर येईल हे धरूनच डावीकडे जागा राखावी. नव्या दुचाकींचा हेडलाइट २०१७ पासून सतत चालू असतो, तरी मावळतीच्या झळाळीत त्या दिव्याचा फारसा उपयोग होत नाही.

दिवाळीच्या आगेमागे भातकापणी आणि झोडणी सुरू होते. पेंढ्याने भरलेले टेम्पो दोन्ही बाजूंनी इतके फुगलेले असतात की मागचे दिवे आणि इंडिकेटर झाकले जातात. तुम्ही कधी घाट चढून ओतूर-आळेफाट्याकडे गेलात तर तिथे उसाच्या ट्रॉलींचे हेच आहे, आणि रात्री उभ्या ट्रॉलीचा मागचा भाग अगदी जवळ जाईपर्यंत काळोखात मिसळलेला असतो. समोरून अप्पर लाइट लावून कोणी आला की त्या उजेडाच्या डाव्या बाजूला काय आहे हे आपल्याला दिसत नाही. तेवढ्या वेळेपुरता वेग खरोखर कमी करावा, आणि नजर त्या दिव्याकडे न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

थंडीत पहाटे निघालात तर उल्हास नदीवरच्या रायते पुलाजवळ धुके साचलेले आढळेल. अलीकडे स्वच्छ, पलीकडे स्वच्छ आणि मध्ये काही अंतर कापूस पिंजल्यासारखे, असे ते असते. त्यात डिपरच ठेवावा, कारण अप्पर दिव्याचा उजेड धुक्याच्या कणांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. पुढच्या वाहनाच्या लाल दिव्यामागे चिकटून जाणे सोयीचे वाटते, पण तो चालक स्वतः अंदाजाने चाललेला असतो. थांबावेसे वाटले तर साइडपट्टीवर न थांबता रस्त्यापासून पूर्ण आत जावे.

फाल्गुनापासून पुढे शेतकरी राब भाजतात, म्हणजे भाताची रोपे करायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात. सकाळी वारा पडलेला असतो, त्यामुळे धूर वर न जाता जमिनीलगत पसरून रस्त्यावर येतो. त्याचे वागणे धुक्यासारखे नसते: वाऱ्याची एक झुळूक आली की विरतो, दुसरी आली की पुन्हा भिंत उभी राहते, आणि आत गेल्यावर डोळ्यांत पाणी येऊन उरलेसुरले दिसणेही जाते. मी धुराच्या अलीकडे थांबतो, काच लावतो, आणि पलीकडचा रस्ता एकदा दिसला की मगच निघतो. आगीच्या भीतीने गुरे रस्त्याकडे पळतात, हेही लक्षात असू द्यावे.

काचेसाठी थोडे. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर गाडी चालवणार असाल तर काळी काच लावू नये. साधी पारदर्शक काच आणि दिवसासाठी वेगळा गॉगल हे अधिक बरे. काच कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण धूळच ओरखडे पाडते. ओले फडके मिनिटभर तिच्यावर ठेवून मग हलकेच पुसावे. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या प्रत्येक दिव्याला फाटे फोडते, त्यामुळे ती दरवर्षी पावसाळा संपताच बदलावी, आणि हा खर्च टाळू नये असे मी आग्रहाने सांगेन. थंडीत श्वासाने काच धुरकटते तेव्हा ती एक खाच उघडी ठेवली की पुरते.

आता तुमच्या वेळेबद्दल. शनिवारी उजाडण्यापूर्वी निघण्याची घाई करू नका. सूर्य चांगला वर आल्यावर, आठच्या सुमारास कल्याण सोडलेत तर ऊन डोळ्यांत येत नाही आणि नदीवरचे धुकेही बहुतेक निवळलेले असते. रविवारी संध्याकाळी निघण्याचा बेत मात्र बदला. ऑक्टोबरच्या आरंभी मुंबईत सूर्य साडेसहाच्या आत मावळतो, म्हणजे साडेपाच ते साडेसहा हा तास मुरबाड-कल्याण पट्ट्यावर घालवू नये. अंधार पडल्यावर निघालात तर गुरे आणि बिनदिव्यांच्या ट्रॉली आहेत. वडिलांबरोबर दुपारचे जेवण करून तीनला गाव सोडा, म्हणजे पाचच्या आत कल्याण मागे पडेल. आणि या पहिल्या खेपेला फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता, लहानपणापासून पायाखालचा असला तरी, एकदा अगदी सावकाश जाऊन प्रत्येक वळणावर गवत कुठवर आले आहे ते पाहून ठेवा.