शेवाळ धरू दे की जरा

अगं,

तुझा मेसेज रात्री तीनदा वाचला. चार वर्षांत तिसरं काम सोडायचं म्हणतेस आणि वर 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस', म्हणजे गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही, ही इंग्रजी म्हण टाकून लिहितेस, मावशी, मला शेवाळ धरायला नकोय. ही म्हण तू उलटी धरलीयेस गं!

आपल्याला शेवाळ म्हटलं की पावसाळ्यातली निसरडी पायरीच आठवते, म्हणून वाटतं की गडगडत राहिलेलं बरं. पण मूळ म्हणीत शेवाळ म्हणजे जमलेली पुंजी. इरॅस्मस नावाच्या डच विद्वानाच्या म्हणींच्या संग्रहात ही ग्रीक म्हण लॅटिनमध्ये आली, आणि १५४६ साली जॉन हेवूडच्या पुस्तकात ती इंग्रजीत सापडते. १५७३ मध्ये थॉमस टसरने तर स्पष्टच लिहिलं की मालक असो की नोकर, सारखं बदलण्यात तोटाच. आणि हा टसर स्वतः कोण, तर गाणारा, मग शेतकरी, ते सोडून पुन्हा दुसरं काही, हात सगळ्यात चांगला पण टिकला कशातच नाही, आणि १५८० मध्ये लंडनला कर्जापायी तुरुंगात असतानाच मेला. एक ना धड भाराभर चिंध्या. फक्त एक गोष्ट त्याने सोडली नाही, शेतीच्या सल्ल्यांचं ते पद्यातलं पुस्तक. १५५७ मध्ये शंभर सल्ले होते, १५७३ पर्यंत पाचशे झाले. सोळा वर्षं. म्हणून आज त्याचं नाव तरी घेतोय आपण.

फिरतं राहावं, शेवाळ वाईट, हा अर्थ नंतरचा. पंचविशीत मीही तोच कवटाळला होता. एका छापखान्यात एक म्हातारे कंपोझिटर मला खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला शिकवत होते, न बघता हात बरोबर त्या त्या अक्षराच्या घरात जायला लागला होता, आणि आठव्या महिन्यात मी सोडलं, कारण कंटाळा. पुन्हा गेले तेव्हा ते नव्हते, खिळेही भंगारात गेलेले. ते अजून सलतं मला.

त्यानंतर प्रुफं धरली ती एकवीस वर्षं. मोठ्या पगाराचं बोलावणं आलं तेव्हा नाही म्हटलं, लोक म्हणाले अडकली. म्हणू देत. आज चूक दिसायच्या आधी मला जाणवते, ती पहिल्या दहा वर्षांत जाणवत नव्हती, हे त्यांना कसं सांगणार?

साहेब छळत असेल, पगार थकवत असेल तर आजच सोड, त्याला म्हण कशाला हवी. पण तू लिहिलंयस 'शिकण्यासारखं काही उरलं नाही'. सव्वा वर्षात? कन्नड तुला आत्ता कुठे अडखळत वाचता येतंय, भाषांतराची एक कथा धड पुरी नाही झालेली. बस जरा एका जागी. धरू दे शेवाळ.

रविवारी ये. त्या कथेचा खर्डा आण, जिथे अडलीयेस त्या पानापासून दोघी बसू. राजीनाम्याचं पत्र घरीच ठेव.

मावशी