मेणबत्त्यांसाठी मेण थेट गॅसवर वितळवलं तर चालतं का? थोडा धूर येतो, तो धोक्याचा आहे का?

थेट गॅसवर नको, मंद आचेवरही नको. आणि धूर येतोय म्हणजे मेण गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापलंय. तो दिसला की लगेच गॅस बंद करा.

पाणी तापलं की उकळून सांगतं. मेण तसं सांगत नाही. मेणबत्तीचं नेहमीचं पॅराफिन साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्यानंतर शांतपणे तापतच राहतं. १०० अंशांना आणि १५० अंशांना ते दिसायला सारखंच. तापमान २०० च्या आसपास गेलं की त्याच्या वाफा ज्योतीवर पेट घेऊ शकतात, आणि ज्योत तर भांड्याखालीच असते. शिवाय थेट आचेवर वर मेणाचे खडे दिसत असतानाच तळाचा थर फार तापलेला असू शकतो, त्यामुळे नजरेवर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून पाण्यात भांडं ठेवून वितळवा. मोठ्या पातेल्यात ४-५ सेंटिमीटर पाणी घ्या, तळाशी एखादी जाळी किंवा स्टीलची रिंग ठेवा आणि तिच्यावर मेणाचं भांडं. रिंग गाळू नका, तिच्यामुळे आतलं भांडं तापलेल्या तळाला टेकत नाही. आतलं भांडं दांडीचं आणि चोचीचं असेल तर ओतताना हात सुरक्षित राहतो. ५०० ग्रॅम मेण वितळून गरम झालं की साधारण ६५० मिलिलिटर भरतं, तेव्हा भांडं किमान १ लिटरचं हवं. पाणी खळखळा उकळू देऊ नका, बारीक बुडबुडे पुरेत. बाहेर पाणी आहे तोवर मेण १०० च्या वर जात नाही.

पण पाणी आटलं की तुम्ही पुन्हा थेट आचेवरच आलात. दर १०-१५ मिनिटांनी पातळी बघा आणि कमी झालं तर गरम पाणीच घाला. घालताना मेणाचं भांडं बाहेर काढून ठेवा. मेणात पाणी पडणं हा दुसरा मोठा धोका आहे. पाणी जड असल्याने तळाशी बसतं, तिथे त्याची वाफ झाली की ती वरचं गरम मेण उसळवून बाहेर फेकते. म्हणून चमचा, थर्मामीटर, साचा सगळं कोरडं हवं. पाण्यात विरघळणारा खाण्याचा रंग मेणात का घालू नये, याचंही एक कारण हेच, शिवाय तो मिसळतही नाही. मेणाचे खडू वितळवून रंग देतात, त्याने वात तुंबते आणि ज्योत धड राहत नाही. मेणबत्तीसाठी मिळणारा, मेणात विरघळणारा रंगच घ्या.

थर्मामीटर घ्याच, अंदाजाचं हे काम नाही. त्याचं टोक मेणाच्या मध्यावर असू द्या, तळाला टेकलं तर आकडा चुकीचा येतो. पॅराफिन ८० ते ८५ पर्यंत नेलं की पुरे. सोया मेण ४५ ते ५५ च्या दरम्यानच वितळतं, मधमाशांचं ६२ ते ६४ ला, आणि ते ८५ च्या वर गेलं की काळपट पडू लागतं.

सुगंधी तेलाच्या बाबतीत बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. तेल किती अंशांना पेट घेऊ शकतं तो आकडा बाटलीवर किंवा विक्रेत्याकडे मिळतो, आणि बऱ्याच तेलांचा तो मेणापेक्षा खूपच कमी असतो. धोका असतो तो उघडी ज्योत शेजारी असताना. म्हणून आधी गॅस बंद, भांडं बाहेर काढून कोरडं पुसा, मग ज्योतीपासून दूर नेऊन तेल घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. ५०० ग्रॅमला ३० ग्रॅम, म्हणजे ६ टक्के, ही सुरुवातीला चांगली मात्रा आहे. जास्त घातलं तर तेल घामासारखं वर सुटतं.

पहिल्यापासून शेजारी भांड्यावर घट्ट बसणारं धातूचं झाकण ठेवा. मेण पेटलंच तर गॅस बंद करा, झाकण बाजूने सरकवून लावा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. पाणी अजिबात टाकू नका, भांडं उचलून बाहेर न्यायलाही जाऊ नका. आग झाकणाने आटोक्यात येत नसेल तर घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. कातडीवर मेण पडलं तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. चिकटलेलं मेण ओढू नका, त्याबरोबर कातडीही निघते.

उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपमध्ये गोठून बसतं. भांडं कोमट असतानाच कागदाने पुसा. बाहेरच्या पातेल्यातल्या पाण्यातही थेंब पडलेले असतात, ते गार झाल्यावर वर पापुद्रा धरतो. तो उचलून मगच पाणी फेका.