माळ्यावरची ट्रंक

"आईचं घर आवरायचंय, पण ती एक चिंधीसुद्धा टाकू देत नाही. तिला कसं पटवू?" महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा असतो, आणि जिचं सामान ती आई घरीच असते. ओळख लागू नये इतपत तपशील बदलून एक अनुभव सांगते.

काकू सत्तरीच्या. सांगलीच्या गावभागातलं घर सोडून विश्रामबागेत मुलाच्या फ्लॅटवर राहायला जायचं ठरलेलं. यजमान हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. घरातलं होतं नव्हतं ते चिखलात गेलं, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक तेवढी वाचली. तिच्यात यजमानांचे सदरे, चष्मा आणि रोजकीर्दीच्या वह्या.

काकू नरसोबाच्या वाडीला गेलेल्या बघून मुलानं त्यातले निम्मे सदरे परस्पर वाटून टाकले. चांगल्या मनानंच. तेव्हापासून काकूंनी औषधांच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकणं बंद केलं.

"पुरानं नेलं, नदीला काय बोलणार? पण ह्यानं पण न विचारताच नेलं की ओ."

मी आधी पुस्तकी उपाय सुचवला, तो म्हणजे फोटो काढून ठेवायचा आणि वस्तू द्यायची. उपाय खोटा नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत हा प्रयोग झाला, 2017 साली प्रसिद्धही झाला; आठवणीच्या वस्तूंचे फोटो काढायला सांगितलेल्या मुलांनी जास्त वस्तू दान केल्या. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "लग्नाचे फोटोच आधी भिजून लगदा झाले, मॅडम. मोबाईल बुडत नाही व्हय?"

इथं माझं चुकलंच होतं.

मग मुलाला सांगितलं, तीन महिने ट्रंकेला हात लावायचा नाही. सुरुवात स्वयंपाकघरातून केली, दांडी तुटलेली कढई, झाकण हरवलेले डबे. आठवणीचं सामान कायम शेवटी काढावं, तोवर 'हे जाऊ दे' म्हणायची जिभेला सवय होते. अट एकच, ते काकूंनीच म्हणायचं.

ट्रंक उघडली तेव्हा मी फक्त "ह्याचं सांगा" म्हणत राहिले. चार सदऱ्यांबद्दल सांगण्यासारखं काही निघालं नाही. एक तर "त्यांना कधी आवडलाच नव्हता, मीच आणलेला." म्हणून हसल्या. वह्यांपाशी मात्र तासभर गेला. यजमानांचं अक्षर, हळदीच्या पोत्यांचे हिशोब, मधेच एका कोपऱ्यात 'हिला पातळ घेणे' अशी नोंद. ती वही राहिली, चष्मा राहिला. बाकी वह्या रद्दीत गेल्या.

सामानामुळे घरात चालायला वाट उरली नसेल, गॅसपाशी उभं राहता येत नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. साठवणुकीच्या आजाराला 2013 पासून अमेरिकी निदान-पुस्तिकेत स्वतंत्र जागा आहे. काकूंचं तसं नव्हतं.

परवा मुलाचा फोन आला. रिकामी ट्रंक काकूंनी स्वतः भंगारवाल्याला विकली, आणि दहा रुपयांसाठी त्याला पाऊण तास दारात उभा केला.