फ्लोरेन्सहून एका दिवसात मोंताल्चिनो: चार मित्रांनी बेत कसा आखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघे मित्र, मुक्काम फ्लोरेन्सला, ब्रुनेल्लो वाइनच्या गावी जायला एकच दिवस. बसने जावं की गाडीने, किती वाइनरी बघाव्यात, आणि चौघांतला एक शाकाहारी आहे, त्याच्या जेवणाचं काय?

बेत फसतो तो एकाच गैरसमजामुळे, म्हणून ते आधी सांगतो. मोंताल्चिनो गाव ५६४ मीटर उंचीवर, टेकडीच्या माथ्यावर आहे. वाइनरी मात्र गावात नाहीत. त्या खाली उतारांवर चहूकडे विखुरल्या आहेत, काही गावापासून दहा किलोमीटरवर. बस तुम्हाला गावात आणून सोडते. तिथून मळ्यापर्यंत आयत्या वेळी टॅक्सी मिळेल, या भरवशावर राहू नका.

म्हणून वाइनरी बघायच्याच असतील तर चालकासह गाडी ठरवा. फ्लोरेन्सपासून अंतर साधारण ११० किलोमीटर, वेळ पावणेदोन ते दोन तास. खर्च चौघांत विभागला की झेपतो. स्वतः गाडी चालवायची तर एकाने दिवसभर वाइन घ्यायचीच नाही. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्यापूर्वी आरटीओतून काढून घ्या. जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेडटीएल’ (म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्र) अशी पाटी दिसली की आत गाडी घालू नका. कॅमेरा नंबर टिपतो, दंड नंतर येतो आणि गाडी भाड्याने देणारी कंपनी वर स्वतःचं शुल्क लावते. गाडी तटाबाहेर लावा. निळ्या रेषांच्या जागेला पैसे पडतात, पांढऱ्या रेषांची फुकट.

बसने फ्लोरेन्स ते सिएना आणि तिथून बुओनकोन्वेन्तोमार्गे मोंताल्चिनो, असं जायला एका बाजूने तीनेक तास मोडतात. त्यापेक्षा आदल्या रात्री सिएनातच राहा. रविवार टाळा, बस फारच कमी असतात. आणि बसनेच जाणार असाल तर वाइनरीचा नाद सोडून गावातल्या किल्ल्यात बसा. किल्ला १३६१ साली बांधायला घेतला. १५५५ मध्ये सिएना पडल्यावर तिथल्या प्रजासत्ताकाने पुढची चार वर्षं याच गावात तग धरला. किल्ल्याच्या आत वाइनचं दुकान आहे, तिथे ग्लासावर ब्रुनेल्लो मिळते. तटावरून ऑर्चा खोरं दिसतं, तेवढ्यासाठीसुद्धा वर चढा.

वाइनरी दोनच ठेवा, एक सकाळी साडेदहाला, दुसरी दुपारी साडेतीनला. दोन्हींची वेळ आधी मेल करून ठरवा. नाशिकला जसं आयत्या वेळी टेस्टिंग रूममध्ये जाऊन बसता येतं, तसं इथे धरून चालू नका. एक वाइनरी टेकडीच्या उत्तरेची निवडा, एक दक्षिणेची. द्राक्ष दोन्हीकडे तेच, सान्जोवेसे. पण दक्षिणेचे उतार उबदार, तिथली वाइन भरदार लागते. उत्तरेची जरा सडसडीत आणि जास्त आंबटसर. हा फरक एका दिवसात जिभेला कळणं हीच या सहलीची खरी कमाई, असं माझं मत आहे. दक्षिणेला गेलात तर सांत आंतिमोचा मठ वाटेतच लागतो.

एका ठिकाणी चार-पाच वाइन, प्रत्येकी साधारण ५० मिली म्हटलं तरी माणशी पाव लिटर होते. समोर ठेवलेल्या भांड्यात थुंकणं तिथे असभ्य नाही, जाणकार तेच करतात. आधी रोस्सो (त्याच द्राक्षाची, कमी मुरवलेली वाइन), मग ब्रुनेल्लो, शेवटी रिझेर्वा, असा क्रम. ब्रुनेल्लो किमान दोन वर्षं लाकडी पिंपात मुरते आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षी १ जानेवारीला विक्रीला येते, म्हणजे २०२१ ची २०२६ मध्ये. रिझेर्वा आणखी एक वर्ष उशिरा. कोवळी ब्रुनेल्लो आवळ्यासारखी तुरट लागते. ती रिकाम्या पोटी पिऊन ‘काही खास नाही’ असं ठरवू नका. पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा खाऊन पुन्हा घोट घ्या.

जेवायला साडेबारा-एकलाच बसा, अडीचला स्वयंपाकघरं बंद होऊ लागतात. शाकाहारी मित्राने ‘पिची अल आल्योने’ मागवावी: हाताने वळलेल्या जाड शेवया, लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये. ‘रागू’ म्हणजे मांसाचा सॉस, ‘चिंगियाले’ म्हणजे रानडुक्कर, हे दोन शब्द पाठ करून ठेवा. चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेलं दूध फाडायचं द्रव्य, असतं. तो कडक शाकाहारी असेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीज नको, असं सांगा. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लागतो, तो ब्रेड आणि टेबलाचा आकार आहे.

बाटल्या भारतात आणायच्या तर माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन. त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. एक रोस्सो घ्या, घरी गेल्यावर लगेच उघडायला. ब्रुनेल्लो पंख्याखालच्या कपाटात मे महिना काढू शकत नाही, तिला थंड जागा नसेल तर तीही लवकर संपवा.