चासी नंबरवरून गाडीची माहिती कशी काढायची?

तुमचा प्रश्न असा आहे की जुनी गाडी विकणाऱ्याने १७ अक्षरांचा चासी नंबर पाठवलाय, तर त्यावरून कंपनी, मॉडेल, वर्ष, इंजिन हे सगळं घरबसल्या कळेल का. बरंचसं कळेल. फक्त एक लक्षात ठेवा: गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती काय होती, एवढंच हा नंबर सांगतो. पुढे ती किती जणांनी वापरली, कुठे ठोकली, किती किलोमीटर पळाली, यातलं काहीही त्यात नसतं. रंगसुद्धा सहसा नसतो.

सगळ्यात आधी अक्षरं मोजा. १६ किंवा १८ भरली तर नंबर टाइप करताना चूक झाली आहे; फोटो मागवा. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं या नंबरात कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. तेव्हा मेसेजमध्ये 'ओ' आला असेल तर बहुधा तिथे शून्य आहे. ही १७ अक्षरी पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने नंबर द्यायची, त्यामुळे फार जुन्या गाडीचा नंबर आखूड असला तर लगेच संशय घेऊ नका.

पहिली तीन अक्षरं म्हणजे कोणत्या देशातली कोणती कंपनी. जे म्हणजे जपान, डब्ल्यू जर्मनी, एल चीन, १, ४ आणि ५ अमेरिका, एमए ते एमई भारत. ब्रँडच्या नावावरून देश ठरवू नका. होंडाचीच जपानी कार जेएचएमने सुरू होते आणि अमेरिकेत बनलेली १एचजीने. 'थेट जपानहून आलेली आहे' असं कोणी सांगत असेल तर खरं-खोटं पहिल्याच अक्षरात दिसतं.

चौथ्यापासून आठव्यापर्यंत बॉडीचा प्रकार, इंजिन, मॉडेल वगैरे येतं, पण कोणत्या अक्षराचा काय अर्थ ते कंपनी स्वतः ठरवते. एका कंपनीचा 'बी' दुसरीला लागू पडत नाही. इथे तर्क लढवू नका, त्या कंपनीचाच तक्ता बघा.

नववं अक्षर मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांत ते बाकीच्या १६ अक्षरांवरून हिशेब करून काढलेलं असतं. प्रत्येक अक्षराला एक किंमत (ए १, बी २, असं एचपर्यंत ८, मग जे पुन्हा १...), प्रत्येक स्थानाला एक वजन: ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. गुणाकार करा, बेरीज करा, ११ ने भागा. बाकी उरेल तो नववा अंक, आणि बाकी १० आली तर तिथे एक्स. सरावासाठी सतराच्या सतरा जागी १ लिहून बघा. बेरीज ८९ येते, ११ ने भागल्यावर बाकी १, आणि नवव्या जागीही १ च आहे, म्हणजे हिशेब जुळला. बी च्या जागी ८ किंवा एस च्या जागी ५ वाचला गेला तर ही बेरीज लगेच बिघडते.

पण हा नियम सगळीकडे लावू नका. युरोपात हा अंक सक्तीचा नाही. तिथल्या फोक्सवॅगनच्या नंबरात डब्ल्यूव्हीडब्ल्यूनंतर चौथ्या ते सहाव्या आणि नवव्या जागी नुसता झेड भरलेला दिसतो. एखादी वेबसाइट असा नंबर 'अवैध' म्हणाली म्हणून गाडी चोरीची ठरत नाही.

दहाव्या जागी बहुतेक वेळा मॉडेल वर्ष असतं: ए म्हणजे २०१०, एच २०१७, मग आय गाळून जे २०१८, के २०१९, एल २०२०, आर २०२४. दर ३० वर्षांनी हीच अक्षरं परत येतात, त्यामुळे ए म्हणजे १९८०ही असू शकतं. गाडी समोर असेल तर तो घोळ होत नाही. मॉडेल वर्ष आणि बनल्याची तारीख मात्र वेगळी असते. २०१८ च्या शेवटी बनलेल्या गाडीवर के असू शकतो. युरोपातल्या काही कंपन्या या जागी वर्ष घालतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

अकरावं अक्षर सहसा कारखान्याचं, पुढचे सहा गाडीचा अनुक्रमांक. एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्येच ब्रेक पॅड किंवा सेन्सर बदललेला असतो, आणि कोणता पार्ट बसेल हे या अनुक्रमांकावरून ठरतं. म्हणून पार्ट मागवताना पूर्ण चासी नंबर द्या. कंपनीच्या वेबसाइटवर तोच टाकून रिकॉलचं (कंपनीने दोष सुधारायला गाड्या परत बोलावणं) काम बाकी आहे का, तेही बघून घ्या.

एवढं झाल्यावर गाडीजवळ जाऊन नंबर पत्र्यावर बघा. फोटोतला, कागदपत्रांवरचा, पुढच्या काचेखालचा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आणि चासीवर पंच केलेला, सगळे अक्षर न् अक्षर एकच हवेत. पंच केलेल्या जागेवरून बोट फिरवा. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, नवी वेल्डिंग किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल, एखादं अक्षर बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरकं असेल, तर विकणारा कितीही गोड बोलला तरी विसार देऊ नका. एखाद्या अक्षराचा फरक 'टायपिंगची चूक' म्हणून सांगितला जातो. तशी चूक असेल तर आधी कागदपत्रं दुरुस्त करून आणायला सांगा, पैशांचं त्यानंतर बोला.